मुंबईत जुना फ्लॅट नव्याने करताना बांधकाम साहित्यातील घातक रसायने कशी टाळावीत?

तुमच्या प्रश्नातून मला समजलेली परिस्थिती अशी: दादरला १९७०च्या सुमारास बांधलेल्या इमारतीत तुम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आहे, घरात दीड वर्षाचे बाळ आहे, जूनमध्ये काम सुरू करून गणपतीपूर्वी राहायला जाण्याचा विचार आहे, आणि कॉन्ट्रॅक्टरने ‘सगळे साहित्य ब्रँडेड वापरू’ एवढेच आश्वासन दिले आहे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि गेली बावीस वर्षे मुंबईतील जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करते. तुमच्या घरात सर्वाधिक काळजी दोन गोष्टींची घ्यावी लागेल: जुना रंग खरवडताना उडणारी धूळ आणि नव्या फर्निचरमधील गोंद. ब्रँडचे नाव या दोन्ही बाबतींत फारसे कामाला येत नाही.

आधी जुन्या रंगाविषयी. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांमध्ये, शिसे असण्याची शक्यता बरीच असते. तुमच्या इमारतीतील लाकडी खिडकीच्या चौकटीचा कोपरा पात्याने तिरका कापून पाहा. वर पांढरा, त्याखाली फिकट निळा, त्याखाली हिरवा आणि अगदी आत पिवळसर, असे पाच-सहा थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे दिसतील. हे थर शाबूत असतील आणि पोपडे सुटत नसतील, तर ते न खरवडता त्यांवर चांगला प्राइमर व नवा रंग देणे हाच सुरक्षित मार्ग आहे. काढणे अटळ असेल तर रंगाचा एक पोपडा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिशासाठी तपासून घ्या. शिसे निघाल्यास कोरडा काचकागद, ग्राइंडर आणि गॅसची बत्ती या तिन्ही गोष्टी कामावर येऊ देऊ नका, कारण पहिल्या दोन्हींमुळे शिसे धुळीत मिसळते आणि बत्तीमुळे त्याची वाफ होते. पृष्ठभाग पाण्याने ओला ठेवून खरवडावा, खाली जाड प्लास्टिक अंथरावे, कारागिरांना साध्या रुमालाऐवजी नीट बसणारा एन-९५ मास्क द्यावा आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. गिळलेल्या शिशापैकी लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाचपट शोषले जाते, आणि रांगणारे मूल हात सतत तोंडात घालत असते. म्हणून या कामाच्या दिवसांत बाळाला फ्लॅट दाखवायलासुद्धा नेऊ नये.

ग्रिलच्या बाबतीत नेहमी एक गल्लत होते. जुन्या लोखंडावर आतल्या थराला भडक शेंदरी रंग दिसला, तर तो शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, असू शकतो. हल्ली दुकानात मिळणारा तपकिरी-लाल रेड ऑक्साइड प्राइमर लोहाच्या ऑक्साइडचा असतो, त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

आता फर्निचर. साध्या एमआर (थोडा दमटपणा सोसणाऱ्या) दर्जाच्या प्लायवूडमध्ये, एमडीएफमध्ये (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डात) आणि पार्टिकल बोर्डमध्ये लाकडाचे पापुद्रे किंवा भुसा जोडण्यासाठी बहुतेक वेळा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद वापरतात. हा गोंद ओलसर, उष्ण हवेत हळूहळू विघटित होऊन फॉर्माल्डिहाइड वायू सोडत राहतो, आणि मुंबईची हवा तर वर्षातील बराच काळ ओलसर व उष्ण असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. घरातील हवेत त्याचे प्रमाण अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे.

हे मी माझ्याच घरात शिकले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मुलीच्या खोलीत आम्ही ऐन पावसाळ्यात एमडीएफचे कपाट आणि अभ्यासाचे टेबल करून घेतले. दर्शनी बाजूस सुरेख लॅमिनेट होते. मुलगी ड्रॉवर उघडून वाकली की तिच्या डोळ्यांतून पाणी येई आणि रात्री एसी लावून दारे-खिडक्या बंद केल्या की तिला खोकल्याची उबळ येई. मी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून टॉर्च लावला, तेव्हा दिसले की मागची फळी, ड्रॉवरचे तळ आणि बिजागरीसाठी पाडलेली भोके, सगळे कोरेच सोडलेले होते. बोट फिरवले की बारीक भुसा हाताला लागत होता. विक्रेत्याने दाखवलेले प्रमाणपत्र लॅमिनेटचे होते, आतल्या बोर्डाचे नव्हतेच. ते कपाट आम्ही चौथ्या महिन्यात काढून टाकले.

तेव्हापासून मी ओल्या जागी व स्वयंपाकघरात आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचे भारतीय मानक) दर्जाचे प्लायवूड सुचवते. ते फिनॉल-फॉर्माल्डिहाइड गोंदाने जोडलेले असते, उकळत्या पाण्यातील ७२ तासांच्या चाचणीला टिकते आणि त्यातून वायू बराच कमी सुटतो. इतर ठिकाणी बोर्डाचा उत्सर्जन वर्ग (त्यातून फॉर्माल्डिहाइड किती सुटतो याची श्रेणी) ई-१ किंवा त्याहून चांगला ई-० असावा आणि तो कोटेशनमध्ये लेखी घ्यावा. रे रोडच्या बाजारातून माल आला की प्रत्येक फळीवरचा आयएसआय शिक्का व त्याखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक पाहून तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर पडताळा, कारण ‘७१०’ हा आकडा कोणीही छापू शकतो. सुताराला सांगून दोन्ही बाजूंना लॅमिनेट आणि चारही कडांना पट्टी लावून घ्या, अगदी भिंतीकडच्या बाजूलासुद्धा. चिकटवण्यासाठी पाण्यावर आधारित पांढरा गोंद पुरतो. टोल्यूनसारखे द्रावक असलेला पिवळा रबरी गोंद सुतारांना लवकर पकडतो म्हणून आवडतो, पण बंद खोलीत त्याचा डबा उघडून दिवसभर काम करणाऱ्या माणसाचे डोके संध्याकाळी ठणकत असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मेलामाइन पॉलिशमधूनही फॉर्माल्डिहाइड सुटतो आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, म्हणून फवारणीचे काम घरात न करता कारखान्यात करून घ्यावे.

प्लायवूड मुळात कमीच वापरणे मला अधिक पटते. आपल्याकडे ओट्याखाली कडप्प्याचे खण करण्याची जुनी पद्धत आहे. त्यात वायू सोडणारा गोंद नसतो आणि वाळवी लागत नाही, त्यामुळे तिथे वाळवीचे औषध फवारण्याची वेळही येत नाही. पावडर कोटिंगचे लोखंडी कपाट बाळाच्या खोलीत उत्तम. ओट्यासाठी क्वार्ट्झची कृत्रिम फरशी मात्र टाळा. तिच्यात सिलिका ९० टक्क्यांच्या आसपास असू शकते, आणि ती कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ लागल्यामुळे ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदी घातली. ग्रॅनाइट घेतलेत तरी ते पाण्याची धार सोडत आणि फ्लॅटच्या बाहेर कापायला सांगा.

गॅलरीवर सिमेंटचा जुना पत्रा किंवा बाहेरच्या भिंतीला राखाडी सिमेंटचा पाइप असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस (घातक तंतूंचे खनिज) असल्याचे गृहीत धरा. ॲस्बेस्टॉसचा वापर आपल्या देशात आजही पूर्ण बंद झालेला नाही. तंतू श्वासात गेल्यावर आजार दिसायला काही दशके जातात. पत्रा धड असेल तर त्याला भोक पाडू नका. काढायचाच असेल तर भिजवून, न फोडता अखंड उतरवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला सांगा आणि इतर डेब्रिजच्या गोण्यांत मिसळू देऊ नका.

पाण्याच्या पीव्हीसी पाइपांत शिशाचा स्टॅबिलायझर (प्लास्टिक टिकावे म्हणून मिसळलेले द्रव्य) वापरणे थांबवण्याचे नियम २०२१ मध्ये निघाले. जुने पाइप बदलणार असाल तर नव्या पाइपवर ‘शिसेविरहित’ असे छापलेले आहे का, ते पाहून घ्या.

राहता राहिला गणपतीपूर्वीचा मुहूर्त. या एका बाबतीत मी तुम्हाला आग्रहाने थांबवीन. पावसाळ्यात भिंती, लांबी (पुट्टी) आणि रंग वाळायला दुप्पट वेळ लागतो, खिडक्या बंद राहतात, आणि रंग कमी व्हीओसीचा (हवेत उडून जाणारी रसायने कमी असलेला) घेतला तरी सुटलेले वायू घरातच कोंडतात. या वर्षी गणपती जुन्याच घरी बसवा. सुतारकाम व रंगकाम संपल्यावर किमान सहा आठवडे हातात ठेवून दिवाळीच्या सुमारास जा. त्या काळात सगळी दारे, ड्रॉवर आणि लॉफ्टची झाकणे उघडी टाकून समोरासमोरच्या खिडक्यांमधून वारा खेळू द्या. कापूर, उदबत्ती किंवा कुंड्यांवर विसंबू नका, आणि साध्या फिल्टरचा एअर प्युरिफायर फॉर्माल्डिहाइड वायू पकडत नाही. राहायला जाण्याच्या आदल्या दिवशी सर्व कपाटे रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी स्वतः एकेक दार उघडून आत चेहरा न्या. डोळे चुरचुरले, तर त्या कपाटाची आतली कोरी बाजू शोधून ती बंद करून घ्या आणि तोवर बाळाचे कपडे त्यात ठेवू नका.