वाचकांचे प्रश्न : रुईवरचा रंगीत नाकतोडा

प्रश्न : रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे मोठे नाकतोडे दिसतात. हात जवळ नेला तरी हलत नाहीत. शेजारच्या हिरवट पिल्लाला धरलं तर त्याने बोटावर पांढरट पाणी उडवलं. जात एकच का? आणि ते पाणी विषारी असतं का?

उत्तर : जात एकच, पोइकिलोसेरस पिक्टस. पिल्लू हिरवट-पिवळं, अंगावर बारीक काळ्या खुणा, लाल ठिपके आणि पंखांच्या जागी नुसते कोंब. यात कोष नसतो; शेवटची कात टाकली की थेट पंखवाला पट्टेरी प्रौढ.

रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स नावाची विषारी द्रव्यं असतात. पानं खाता खाता हा किडा ती अंगात साठवतो; पिल्लाने उडवलेल्या पाण्यातही तीच असतात. भडक रंग म्हणजे पक्ष्यांना उघड इशारा, म्हणून पळायची घाई नाही.

पिचकारीचं छिद्र पाठीवर, पोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडाच्या मधोमध असतं. डोकं चिमटीत धरलं तर धार डोक्याकडे येते, पोट धरलं तर पोटाकडे. पल्ला दोनेक इंच, आणि लागोपाठ अनेकदा. प्रौढाला मात्र धार मारता येत नाही. त्याचा द्रव पंखांखालून येऊन अंगाच्या दोन्ही बाजूंना फेसासारखा साचतो.

त्वचेवर पडलं तर साबणाने धुवा आणि तोवर डोळे चोळू नका. खरं तर जास्त जपायचं ते रुईच्या चिकापासून. तो डोळ्यात गेल्यावर पुष्कळदा फारसं दुखत नाही, पण नजर धूसर होते. भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

प्रश्न : हेच टोळधाडीचे टोळ का?

उत्तर : नाही. एका झुडपावर गर्दी करतात, पण थवे करून लांब जात नाहीत. रुई संपली तर पपई, कापूस, भाजीपाला कुरतडतात.

प्रश्न : निरीक्षणासाठी पाळता येईल का?

उत्तर : येईल. डबा निदान 30 सेंमी उंच हवा, तोंडाला जाळीचं कापड. कात टाकताना पिल्लू उलटं लटकतं. खाली जागा कमी पडली की पंख चुरगळतात आणि मग ते सरळ होत नाहीत. रुईची ताजी फांदी रोज बदला, हातमोजे घालून. अंड्यांसाठी तळाशी वीतभर ओलसर वाळू द्या. मादी पोट लांबवून अंडी खोल घालते. (तिच्या पाठीवर बसलेला लहान किडा पिल्लू नव्हे, नर.) वाळू मुठीत दाबून पाणी सुटलं तर ती जास्त ओली; अंड्यांना बुरशी लागते.