रात्री दार कुणाचे वाजवायचे?

“मॅडम, जायचं हे नक्की आहे, फक्त कुठे जायचं तेवढं ठरत नाही.” मी समुपदेशक आहे, आणि गेल्या काही वर्षांत परदेशी जायला निघालेल्या इतक्या जोडप्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकले आहे की दार उघडताच, हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर जागरण घेऊन आलेले नवरा-बायको पाहिले, तरी पुढचा प्रश्न मला बहुधा कळलेला असतो. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात दहा-बारा वर्षे काढलेला अभियंता, शिकलेली आणि स्वतःचे काम असलेली पत्नी, एक-दोन लहान मुले, आणि लातूर, परभणी, बीडकडच्या गावी आई-वडील व थोडी जमीन, असे साधारण चित्र असते. त्यांना माझ्याकडून देशाचे नाव हवे असते. ते मी देत नाही, आणि पहिल्या भेटीत याचा काहींना रागही येतो.

अशाच एका जोडप्याची ही हकिगत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

तो 36 वर्षांचा, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख होता. ती दंतवैद्य, छत्रपती संभाजीनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत आठ वर्षे खपून तिने दवाखाना उभा केला होता. मुलगी 7 वर्षांची, मुलगा साडेतीन. त्याच्याकडे जर्मनीतील श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीचे नोकरीपत्र आलेले होते आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया व दुबई हे पर्याय ‘अजून उघडे’ होते. पहिल्याच भेटीत त्याने मला एक तक्ता दाखवला. देश आडवे, निकष उभे. पगार, कर, घरभाडे, शाळा, हवामान, कायम वास्तव्य, अशा तब्बल 23 ओळी, आणि प्रत्येक ओळीला गुण. बेरीज करून जर्मनीला 78, ऑस्ट्रेलियाला 77 आणि कॅनडाला 76 गुण पडले होते. मागच्या रविवारी हवामानाचे वजन थोडे कमी केले तेव्हा कॅनडा पहिला आला होता, असे पत्नीने शांतपणे सांगितले.

“या तक्त्याने काय व्हावं, अशी तुमची अपेक्षा आहे?” मी विचारले.

“निर्णय एकदाच घ्यायचाय, मॅडम. मुलांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तो चुकताच कामा नये.”

माणसाचे दुःख प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलच्या त्याच्या हट्टी मागणीतून वाढते, या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारावर माझी घडण झालेली आहे, त्यामुळे माझे कान अशा वाक्यातल्या ‘च’वर लगेच टवकारतात. ‘निर्णय चुकू नये’ ही इच्छा आहे. ती माणसाला चौकशीला, वाचनाला, फोन करायला प्रवृत्त करते. ‘चुकताच कामा नये’ ही मात्र जगाला दिलेली ताकीद आहे, आणि जग ती ऐकत नसल्यामुळे माणूस तक्त्याला आणखी एक ओळ जोडतो. हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “म्हणजे च काढून टाकला की झालं?” झाले नाही, अर्थातच.

दुसऱ्या भेटीत त्याची घाई पुढे आली. “हे वर्ष गेलं तर संपलं,” असे तो म्हणाला. या घाईत तथ्य किती आणि भीती किती, हे वेगळे करण्यासाठी मी त्याला प्रत्येक देशाचे नियम पुन्हा मूळ सरकारी संकेतस्थळावर वाचून यायला सांगितले. स्थलांतरितांची निवड करण्याच्या कॅनडाच्या गुणपद्धतीत वयाचे पूर्ण गुण 20 ते 29 या वयात मिळतात आणि तिशीत, जोडीदारासह अर्ज करणाऱ्याचे, दर वर्षी 5 गुण कमी होतात; तिथे त्याची घाई रास्त होती. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत मात्र 33 ते 39 हा एकच वयोगट आहे आणि त्या सगळ्या वर्षांना सारखेच 25 गुण आहेत. म्हणजे त्या एका देशापुरती तरी त्याच्याकडे तीन वर्षे होती, आणि ती त्याला दिसली नव्हती, कारण त्याने सगळ्या देशांची भीती एकत्र मिसळून ठेवली होती. नियम बदलतात हे खरे. पण बदलतील या धास्तीने आज असलेले नियमच न वाचणे, हे मी अनेक हुशार माणसांत पाहिले आहे.

तोवर पत्नी फारशी बोलली नव्हती. तिला मी विचारले, “या 23 ओळींत तुमची ओळ कोणती?”

तिने तक्ता खालपर्यंत पाहिला आणि एका ओळीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते, ‘पत्नीला काम करण्याची परवानगी’, आणि जर्मनीपुढे दहापैकी दहा गुण होते.

“बरोबरच आहे ते,” तो म्हणाला. कागदावर ते बरोबरच होते. जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरी-वास्तव्याच्या परवान्यावर, गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला आधी जर्मन येत असल्याचा दाखला द्यावा लागत नाही, आणि नोकरी करण्याची मुभाही लगेच मिळते. पण दंतवैद्य म्हणून रुग्णाच्या तोंडात आरसा घालायचा तर तिथला परवाना लागतो, आणि त्यासाठी रुग्णाशी व सहकाऱ्यांशी जर्मनमधून व्यवहार करता येतो हे भाषेच्या खास परीक्षेत सिद्ध करावे लागते. “काम करायची परवानगी आणि माझं काम, या दोन गोष्टी आहेत,” ती म्हणाली, “आणि अहो, तुम्ही मला दहा गुण देऊन टाकले.” त्या ‘अहो’मध्ये आठ वर्षांचा दवाखाना होता. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये बोलू नये. मी बोलले नाही.

मुलांविषयीही त्यांच्या मनात एकच सरसकट वाक्य होते: लहान मुले कुठेही रुळतात. हे वाक्य साडेतीन वर्षांच्या मुलाला जितके लागू पडते तितके सात वर्षांच्या मुलीला पडत नाही. धाकटा बालवाडीत खेळता खेळता भाषा उचलेल. थोरलीला मात्र नव्या भाषेत वाचायचे, लिहायचे आणि गणितही सोडवायचे असते. त्यातून जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते, आणि श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथेही तसेच आहे. म्हणजे ती दुसरीत गेली तर दोन-अडीच वर्षांत तिला त्या वळणावर उभे राहावे लागणार होते. अनेक मुले ते निभावतात. नवी भाषा कानी पडू लागल्यावर कित्येक मुले काही महिने शाळेत गप्पच असतात, आणि त्याला लगेच आजार समजू नये. घरातली मराठी बंद केल्याने ते मौन लवकर सुटत नाही, उलट लेकराची हक्काची जागा जाते. मात्र हे सगळे आधी माहीत असलेले पालक आणि तिथे पोहोचल्यावर कळलेले पालक यांच्या घरातल्या रात्री फार वेगळ्या असतात.

चौथ्या भेटीला मुलांना सांभाळायला कोणी नव्हते म्हणून त्याची आई सोबत आली होती. औसा तालुक्यातल्या गावाहून दोन दिवसांपूर्वीच आलेली, साठीची, नातवाला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेली. मी तिला आत बोलवायचे म्हटले, तेव्हा मुलगा जरा अवघडला. “तिला यातलं काही कळायचं नाही, मॅडम. ती रडेल फक्त.”

आजी रडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची नाकारली, सतरंजीवर बसल्या, आणि मी “तुम्ही कधी गाव बदललंय का?” असे सहज विचारले, तेव्हा म्हणाल्या, “बदललं की. भूकंपात.”

मला लाज वाटली. औसा तालुका म्हटल्यावर हे मला सुचायला हवे होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जे घडले ते मराठवाड्यात माझ्या पिढीला सांगावे लागत नाही. त्यानंतर गावेच्या गावे नव्या जागी वसवली गेली. आधी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढून लोक रुंद रस्त्यांच्या, आखीव ओळींच्या गावठाणांत राहायला गेले. समोर बसलेला हा तक्तेवाला मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, म्हणजे जवळपास आज त्याचा मुलगा आहे तेवढा. त्याला त्यातले काही आठवत नव्हते.

“सरकारनं घर पक्कं दिलं, बाई. नाव ठेवायला जागा न्हाई,” आजी सांगू लागल्या. “पर जुन्या गावात माझ्या भितीला लागून चुलत जावंची भित. हाक मारली की ती दारात. नव्या गावात तिला घर आलं पार त्या टोकाला. एकदा ह्याला रात्री जुलाब लागले, ह्याचे वडील नोकरीच्या गावी, अन् मी लेकरू घेऊन दारात उभी. रस्ता केवढा मोठा, पर दार कुणाचं वाजवावं, समजंना.”

“मग?”

“मग काय, टँकर. टँकर यायचा तवा समद्या बाया रांगेत. घागरीमागं घागर. कुणाचं लेकरू आजारी, कुणाचा मालक बाहेरगावी, समदं तिथंच कळायचं. दोन उन्हाळे गेले अन् मला तीन दारं झाली.”

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. नातू आजीच्या बांगड्या मोजत होता. मी इतकी वर्षे स्थलांतराविषयी वाचत आले, त्यावर चार ठिकाणी बोललेही, पण ‘मला तीन दारं झाली’ इतक्या नेमकेपणाने एखाद्या माणसाचे रुळणे मोजलेले मी कुठे वाचले नव्हते. माझी शिस्त विचारांना प्रश्न विचारण्याची. ती मुलाला ‘च’पर्यंत घेऊन आली होती आणि तिथे थांबली होती. चुकताच कामा नये असे त्याला वाटत होते, कारण चुकल्यावर सावरायला कोण असेल हे त्याला माहीत नव्हते. दारे असली तर चूक परवडते. हे मला आधी दिसले नव्हते, ते त्या दिवशी दिसले, आणि ते ओळखून भेटीचा रोख तिथल्या तिथे बदलता आला याचे मला आजही समाधान आहे.

मी तक्ता मागितला आणि त्यात चोविसावी ओळ लिहायला सांगितली: रात्री दोन वाजता मुलाला ताप आला तर दार कुणाचे वाजवायचे? इथे गुण द्यायचे नाहीत, माणसाचे नाव आणि घराचे अंतर लिहायचे, एवढीच अट घातली. त्याखाली पंचविसावी ओळ पत्नीने स्वतःहून लिहिली: टँकरची रांग कुठे? म्हणजे ज्या जागी ती रोज, गरजेपोटी, त्याच त्या माणसांबरोबर उभी राहील, ती जागा.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी देशांऐवजी शहरे आणि वस्त्या शोधल्या. हा फरक लहान वाटतो, पण इथून पुढे प्रश्न सुटण्याजोगा होतो. माणूस कॅनडात राहत नाही, तो एका रस्त्यावर राहतो, आणि तिथून शाळा चालत किती मिनिटांवर आहे यावर त्याच्या बायकोला पहिल्या सहा महिन्यांत ओळखीचा चेहरा दिसेल की नाही हे ठरते. रांग कधी शाळेच्या फाटकाशी असते, कधी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, कधी वाचनालयातल्या लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाला. वर्षातून एकदा भरणारी रांग मात्र पुरत नाही. आठवड्याची हवी.

भरलेला तक्ता घेऊन ते आले तेव्हा श्टुटगार्टपुढची चोविसावी जागा कोरी होती. टोरांटोपुढे त्याच्या वर्गमित्राचे नाव होते, पण घर 40 किलोमीटरवर, आणि फोन करायचा तर हिवाळ्यात घड्याळाचा फरक साडेदहा तासांचा, म्हणजे आजीच्या सवडीला तिथे शाळा-नोकरीची घाई. दुबईपुढे मात्र चार नावे होती. घड्याळातला फरक दीड तासाचा, पगारावर प्राप्तिकर नाही, सीबीएसईच्या शाळा आहेत. फक्त वास्तव्य नोकरीला बांधलेले, आणि नोकरी गेली की पुन्हा हाच तक्ता. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडपुढे पत्नीच्या महाविद्यालयातल्या मैत्रिणीचे नाव होते, दोन गल्ल्यांवर घर मिळण्याची शक्यता होती, आणि तिथल्या दंतवैद्यक परीक्षेची तयारी ती इंग्रजीतूनच, दवाखाना न सोडता सुरू करू शकत होती. प्रात्यक्षिक परीक्षा तेवढी मेलबर्नला जाऊन द्यावी लागणार होती. मुलीची शाळा इथेही इंग्रजी माध्यमाचीच होती.

“म्हणजे जर्मनीला नाही म्हणायचं?” त्याने मला विचारले. मी पत्नीकडे पाहिले. तो तिच्याकडे वळला आणि त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी तिला.

एक गोष्ट राहून गेली होती, ती वडिलांची. निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. ते माझ्याकडे कधी आले नाहीत, पण मुलगा गेला की सहा एकर जमीन हातची जाईल, असे त्यांनी मनात धरले होते आणि त्यामुळे सगळ्याच देशांना त्यांचा विरोध होता. अनिवासी भारतीयाला किंवा पुढे परदेशी नागरिक होऊन ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) घेतलेल्याला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारशाने आलेली ठेवता येते, हे मुलाने गावी जाऊन त्यांना कागद दाखवून सांगितले. विरोध मावळला असे नाही. निदान ते आता जमिनीऐवजी नातवंडांविषयी बोलू लागले, आणि त्यावर बोलणे शक्य असते. मी घरोघरी पाहते की म्हाताऱ्या माणसांना परवानगी मागितलेली नको असते; त्यांना वेळापत्रक हवे असते. कोणत्या महिन्यात येणार, किती दिवस राहणार, आम्ही कधी येऊ शकतो, किती काळ राहू शकतो. प्रत्येक देशाची ही मुदत वेगळी आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे जर्मनीसह एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, पाहुणा म्हणून गेलेल्याला 180 दिवसांत 90 दिवस राहता येते, तर कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-वडील एका वेळी 5 वर्षांपर्यंत राहू शकतात. हे आकडे तक्त्यात पगाराच्या शेजारी असायला हवेत.

नोकरीपत्राला त्याने मुदतीच्या आदल्या दिवशी नकार कळवला. त्या रात्री झोप लागली नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. ‘च’ पूर्ण गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी अपेक्षाही नाही. पत्नी पहाटे पाचला उठून अभ्यास करते, दवाखाना साडेदहाला उघडते. तिच्या परीक्षेचा निकाल काय लागतो त्यावर पुढचे ठरेल, आणि निकाल मनासारखा लागला नाही तर काय, याचीही एक ओळ आता तक्त्यात आहे. शेवटच्या भेटीत आजी पुन्हा आल्या होत्या. उठताना त्यांनी मैत्रिणीच्या घरात किती माणसे आहेत, ती कामाला किती वाजता जाते आणि तिच्या घराला बेल आहे की कडी, एवढे सुनेकडून नीट विचारून घेतले. मुलीला हे सगळे कधी आणि कसे सांगायचे, तो विषय आम्ही दिवाळीनंतरच्या भेटीसाठी ठेवला आहे.