माझं काम आता ॲप करतं, मग मी काय करू?

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एक बाई सोळा वर्षं एचआरमध्ये, म्हणजे मनुष्यबळ विभागात, आहेत. वय चाळिशीच्या पुढे. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हजेरी, रजा, पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), गणवेश, कॅन्टीनच्या तक्रारी, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. मग कंपनीने नवं सॉफ्टवेअर घेतलं. चेहरा ओळखणारं हजेरीचं यंत्र आलं, रजेचा अर्ज आणि पगाराची स्लिप मोबाईलवर गेली, बायोडेटासुद्धा आधी सॉफ्टवेअरच चाळू लागलं. सोबत एमबीए झालेला तरुण सहकारी आला आणि मिटिंगमध्ये आलेख दाखवायचं काम त्याच्याकडे गेलं.

"मॅडम, माझ्याकडे आता कुणी येतच नाही," त्या म्हणाल्या. "घराचं कर्ज आहे, मुलगी बारावीला. एआयचा कोर्स करू, की एचआरच सोडू?"

हीच धास्ती मी हिंजवडीतल्या रिक्रूटर (नोकरभरती करणाऱ्या) मुलामुलींकडूनही ऐकते. खोटा धीर देणं मला पटत नाही. नुसते आकडे भरण्याचं काम खरोखर गेलं आहे आणि ते परत येणार नाही. पण ही सुरुवात काल झालेली नाही. पीएफची चलनं २०१२ पासून ईसीआर या ऑनलाइन विवरणपत्राने भरली जाऊ लागली, २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, आला. "तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "शिकले. आमच्या ऑफिसात सगळ्यांत आधी मीच शिकले." हे सांगताना त्या पहिल्यांदाच ताठ बसल्या.

कोर्सचा विषय मी बाजूला ठेवला. पंधरा दिवस एक वही ठेवा म्हटलं. दिवसभरात कोण काय विचारायला आलं आणि ते ॲपवर का सुटलं नाही, एवढंच लिहायचं.

"कुणी येत नाही" म्हणणाऱ्या बाईंची वही भरून आली. एका कामगार महिलेचा पीएफचा दावा परत आला होता, कारण आधारवर सासरचं नाव आणि पीएफ खात्यात माहेरचं. जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे अशा दुरुस्तीसाठी कामगार आणि कंपनीने मिळून करायचा अर्ज, ऑनलाइनही करता येतं, पण तिला ते करायची भीती वाटत होती. वेल्डिंगच्या दोघांचे चेहरे यंत्र ओळखत नव्हतं. आषाढात सॉफ्टवेअरने काही जणांच्या नावापुढे 'वारंवार गैरहजर' असा लाल शेरा मारला आणि ताकीदपत्रांचा मसुदाही तयार ठेवला. ती माणसं दरवर्षी वारीला जातात. सुपरवायझरला तोंडी सांगून जातात, ॲपवर अर्ज करत नाहीत. बाईंनी पत्रं थांबवली, त्यांच्याकडून अर्ज भरून घेतले आणि पुढच्या वर्षी वारीच्या रजा आधीच नोंदवून घ्यायचं ठरवलं.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती उशिराच्या हजेरीची नोंद. एका विभागात लेट मार्क अचानक वाढले होते. तरुण सहकाऱ्याने विभागवार आलेख केला. त्यातून ती माणसंच आळशी दिसत होती. बाईंनी त्याच्याकडूनच पिव्हट टेबल (एक्सेलमध्ये तेच आकडे हव्या त्या गटांत मांडायची सोय) शिकून घेतलं आणि तीच हजेरी कंपनीच्या बसच्या मार्गाप्रमाणे लावली. उशीर करणारे जवळजवळ सगळे एकाच बसचे निघाले. ती बस तळेगाव–चाकण रस्त्याच्या कोंडीत अडकत होती. बस लवकर सोडली आणि लेट मार्क उतरले.

"हे डेटा ॲनालिटिक्सच आहे, आकड्यांतून कारण शोधणं," मी सांगितलं, तर त्यांना खरं वाटेना. कुठल्या प्रश्नाने आकडे मांडायचे हे त्यांना सोळा वर्षांच्या ओळखीने सुचलं होतं. मांडायचं तंत्र मात्र नवं होतं आणि ते शिकल्यावाचून गत्यंतर नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं.

बायोडेटा चाळणाऱ्या यंत्रणेचा धाक तरीही होता. त्यावर मी त्यांना ॲमेझॉनची गोष्ट सांगितली. त्या कंपनीने उमेदवारांना गुण देणारी एक प्रणाली दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर तयार केली होती. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यामुळे महिलांच्या संस्थांचा वा क्लबचा उल्लेख असलेल्या अर्जांचे गुण ती कापू लागली. हा प्रयोग सोडून दिल्याची बातमी रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये दिली. गाळणीतून कोण बाहेर पडतंय हे बघणारं माणूस लागतं, आणि ते माणूस एचआरचंच असायला हवं. त्या आता दर आठवड्याला नाकारलेल्या अर्जांतले काही स्वतः वाचतात. आयटीआयनंतर खंड पडलेली चांगली मुलं त्यात सापडतात, असं त्या सांगतात.

कोर्सबद्दल माझं मत शेवटी असं पडलं की आधी कायदा, मग एआय. त्यांनी पूर्वी कामगार कायदे आणि कामगार कल्याणाची पदविका केली होती, ती कपाटात पडून होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे) लागू झाल्या आहेत. नोकरी सोडणाऱ्याची देय मजुरी दोन कामकाजी दिवसांत चुकती करायची आहे. वेतनाची व्याख्या बदलल्याने भत्त्यांची मांडणी पुन्हा तपासावी लागते. कल्याण अधिकारी नेमायची कारखान्यांची मर्यादा ५०० कामगारांची होती, ती २५० वर आली आहे. सॉफ्टवेअरमध्ये हे नियम बसवता येतात, पण बरोबर बसलेत का हे तपासणारं आणि हातातला पगार का बदलला हे कामगाराला समोर बसवून सांगणारं कुणीतरी हवंच.

पगारवाढ अजून झालेली नाही. पण सॉफ्टवेअर कंपनीच्या बैठकांना आता तरुण सहकाऱ्यासोबत त्याही बसतात. गेल्या बैठकीत त्यांनी विचारलं, की कामगार नोकरी सोडून गेल्यावर यंत्रातली त्याच्या चेहऱ्याची नोंद कोण पुसतं आणि कधी? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तरी त्यांच्या कंपनीत हा प्रश्न तोवर कुणी काढलाच नव्हता. उत्तर त्यांनी लेखी मागवलं आहे.