मेंदूत चिप बसवण्याआधी कंपनीला काय विचारायचं?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या मावसभावाच्या मानेच्या मणक्याला इजा झाली आहे, हातपाय चालत नाहीत. एका खाजगी कंपनीच्या ब्रेन इम्प्लांटच्या चाचणीत नाव द्यायचं त्याच्या मनात आहे, पण कंपनी डोक्यातले विचार वाचेल म्हणून घरचे नको म्हणताहेत.

विचार वाचण्याची भीती तूर्त बाजूला ठेवा. हालचाल ठरवणाऱ्या भागातले विद्युत संकेत टिपायचे आणि त्यावरून पडद्यावरचा बाण हलवायचा किंवा बोलायचा प्रयत्न ओळखायचा, मुख्यतः हेच ही यंत्रं आज करतात. तेवढ्यासाठीही माणसाला आणि संगणकाला, दोघांनाही सराव करावा लागतो. घरच्यांचा कंपनीवरचा अविश्वास मात्र चुकीचा नाही. फक्त तो वेगळ्या जागी लावायला हवा.

सेकंड साइट या अमेरिकी कंपनीचं उदाहरण घ्या. अंधांना थोडं दिसावं म्हणून बनवलेल्या तिच्या आर्गस-2 या यंत्रात दृष्टिपटलावर 60 इलेक्ट्रोड (विद्युत संकेत देणारे किंवा टिपणारे बारीक बिंदू) बसवत. 2013 मध्ये एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, मंजुरी मिळाली आणि जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतलं. 2019 मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, 2020 मध्ये बहुतेक कर्मचारी काढले. मग यंत्राचा बाहेरचा चष्मा किंवा प्रोसेसर बिघडला की सुटा भाग मिळेना, आणि डोळ्यातलं यंत्र डोळ्यातच राहिलं. ऑस्ट्रेलियात न्यूरोव्हिस्टाने 15 जणांना अपस्माराचा झटका येण्याआधी इशारा देणारं यंत्र बसवलं होतं. कंपनीकडचे पैसे संपले आणि यंत्रं काढावी लागली. एका बाईने ते ठेवून घ्यायची खूप खटपट केली, पण उपयोग झाला नाही. दोन्हीकडे माणसाच्या अंगातलं यंत्र किती दिवस चालणार, हे कंपनीच्या तिजोरीवर ठरलं.

म्हणून पहिला प्रश्न पैशांचा. कंपनी बुडाली, विकली गेली किंवा चाचणी मध्येच थांबली तर यंत्र काढायच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार? त्यासाठी पैसे वेगळे ठेवलेत का, विमा काढलाय का? 'आम्ही काळजी घेऊ' हे उत्तर धरू नका, कागदावर मागा. अमेरिकेत जोखमीच्या चाचणीच्या संमतिपत्रात इजा झाल्यास भरपाई व उपचार मिळतील की नाही, हे लिहावंच लागतं. 'मिळणार नाही' असं लिहिलेलंही कायद्याला चालतं! भारतात चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी प्रायोजकावर असते, त्यामुळे इथल्या अनुभवावरून तिथलं गृहीत धरू नका.

दुसरं, यंत्र काढता येतं का. याचं उत्तर यंत्रागणिक बदलतं. सिंक्रॉन कंपनीचं स्टेंट्रोड हे यंत्र मानेच्या शिरेतून मेंदूवरच्या मोठ्या शिरेत सरकवतात. कवटी उघडावी लागत नाही, पण शिरेची भिंत त्यावर वाढून ते आत पक्कं होतं, म्हणजे जवळजवळ कायमचंच. इलेक्ट्रोड फक्त 16. यूटा अ‍ॅरे, म्हणजे मेंदूत रोवायचा बारीक सुयांचा छोटा चौकोन, याचा माणसांतला अनुभव 2004 पासूनचा आहे. त्यात कवटीवरून वायरचं बटण त्वचेबाहेर येतं, तिथे जंतुसंसर्गाचा धोका राहतो, आणि आत सुयांभोवती व्रण धरला की संकेत क्षीण होतात. न्यूरालिंक कंपनीच्या यंत्रात केसाहून बारीक 64 तारांवर 1024 इलेक्ट्रोड असतात, त्या तारा रोबोट रोवतो. जानेवारी 2024 मधल्या पहिल्या रुग्णात काही आठवड्यांतच सुमारे 85 टक्के तारा मेंदूतून मागे सरकल्या. उरलेल्या तारांवर सॉफ्टवेअर नव्याने जुळवून काम पुन्हा सुरू झालं, हे कौतुकाचंच. पण कंपनीने ते जाहीरपणे सांगितलं मे महिन्यात. म्हणून विचारा: आधीच्या रुग्णांत काय बिघडलं, आणि पुढे काही बिघडलं तर आम्हाला किती दिवसांत कळवाल?

बातम्यांतल्या 'एफडीएची मंजुरी' या शब्दांना फसू नका. बहुतेकदा ती फक्त माणसांवर चाचणी करायची परवानगी असते. 'ब्रेकथ्रू डिव्हाइस' हा शिक्काही विक्रीची मान्यता नव्हे, त्याने तपासणीत प्राधान्य मिळतं इतकंच. शिवाय अशा छोट्या प्राथमिक चाचण्यांची सार्वजनिक नोंद अमेरिकी कायद्याने सक्तीची नाही. नोंद सापडली तर कालावधी, रुग्णसंख्या आणि यश कशावर मोजणार, हे वाचून ठेवा.

डेटाबद्दल एवढंच बघा: कच्चे संकेत कोणाकडे साठतात, कंपनी विकली तर ते सोबत जातात का, आणि चाचणी सोडल्यावर पुसले जातात का. कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियात 2024 मध्ये मेंदूच्या डेटासाठी कायदे झाले, बाकी बऱ्याच राज्यांत असा खास कायदा नाही.

किरकोळ वाटणारी पण नंतर नडणारी गोष्ट एमआरआयची. मणक्याच्या रुग्णाला तो पुन्हा लागू शकतो. यंत्र आत असताना चालेल का, किती टेस्लापर्यंत (टेस्ला हे एमआरआयच्या चुंबकाची ताकद मोजायचं एकक), हे लेखी घ्या. बॅटरीचंही तसंच: चार्जिंग रोज किती वेळ, आणि भावाचे हात चालत नाहीत तर चार्जर लावणार कोण? घरच्यांच्या वेळापत्रकात हे काम वर्षानुवर्षं बसवावं लागेल.

संमतिपत्र घरी आणा, सही तिथल्या तिथे करू नका. कंपनीकडून मानधन न घेणाऱ्या एखाद्या न्यूरोसर्जनला ते दाखवा आणि एकच विचारा: हे तुमच्या ऑपरेशन टेबलवर काढायला आलं, तर तुम्ही घ्याल का?