बुलेटच्या इंजिनासाठी एफडी मोडावी का?

मानेवाड्याच्या एका वाचकांकडे वडिलांची १९९४ ची बुलेट ३५० आहे. हल्ली ती किकला दमवते. एका मेकॅनिकनं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं तर गेजवर ६० पीएसआय (दाबाचं एकक). प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर ६२. आठवड्यानं दुसऱ्याकडे ११०. पहिल्यानं बोअर-पिस्टनसह पूर्ण इंजिनकामाचे ३४ हजार सांगितलेत. लेकीच्या प्रवेशासाठी ठेवलेली, जूनमध्ये पिकणारी दोन लाखांची एफडी त्यासाठी मोडू का, असं ते विचारतात.

नका मोडू. मला आधी त्या ३४ हजारांवरच शंका आहे.

तुमच्याच पत्रातला ६२ चा आकडा बघा. ऑइल टाकल्यावर पिस्टनवरची रिंग आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्यातली फट तेवढ्यापुरती बुजते. बोअर झिजलेला असता तर काटा चांगलाच वर गेला असता. तो जेमतेम हलला, म्हणजे हवा बहुधा वरून निसटतेय: व्हॉल्व, हेड गॅस्केट, नाहीतर डाव्या हाताच्या लिव्हरनं उघडतो तो, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशर. त्याची केबल घट्ट ओढलेली असली, व्हॉल्व जिथे टेकतो त्या सीटवर कार्बन बसला असला किंवा टॅपेट (व्हॉल्व उघडणाऱ्या यंत्रणेतली फट) घट्ट असले तरी आकडा पडतो. ज्या कामाची गरजच सिद्ध झालेली नाही, त्याचं बिल सगळ्यात मोठं आहे!

मग ११०? दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. थ्रॉटल बंद ठेवून, थंड इंजिनावर दोन-चार किक मारल्या की आकडा कमीच येतो. उलट चेंबरमध्ये कार्बन साचला की तो फुगतोही. तेव्हा ११० वरही निर्धास्त होऊ नका.

थंड इंजिनावर टॅपेट सेट करून घ्या. पुशरॉड, म्हणजे व्हॉल्वला ढकलणारी दांडी, बोटांनी सहज फिरला पाहिजे. डिकॉम्प्रेशरची केबल ढिली करा. मग इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडून, काटा थांबेपर्यंत किक. एकाच गेजवर आधी कोरडं, मग ऑइल टाकून. तरी शंका उरली तर कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरमध्ये सोडून ऐकायचं: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या भागाच्या) ब्रीदर नळीतून आली तर रिंग. याची मजुरी महिन्याच्या खर्चात बसेल.

एफडी मोडण्याचा दंड तसा किरकोळ. बऱ्याच बँका व्याजदरात अर्धा ते एक टक्का कापतात. भीती जूनची आहे. जुनं इंजिन एकदा लेथवर गेलं की सांगितलेल्या रकमेत क्वचितच परत येतं. क्रँकचं बेअरिंग, ऑइल पंप, काही ना काही निघतंच. बोअर खरंच गेलेला निघाला, तर काम प्रवेशानंतर करा. तोवर थांबणं शक्यच नसेल तर एफडीवर कर्ज घ्या, पण जूनआधी ते फिटणार असेल तरच. त्याचा दर सहसा एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर इंजिन बांधायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

विकायचा विचार असला तरी ही तपासणी आधीच करा. किक मारून सुरू न होणाऱ्या बुलेटचा भाव गिऱ्हाईक मनमानी पाडतं. आरसीची मुदतही बघून घ्या. पंधरा वर्षांनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क वाढलंय, आणि मुदत संपलेली असेल तर गिऱ्हाईक तो खर्चही तुमच्याच किमतीतून वळता करेल.