साल्हेरला निघण्याआधी

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. डिसेंबरातल्या एका रविवारी आठ जणांनी पहाटे नाशिक सोडायचं, साल्हेर आणि त्याच्या शेजारचा सालोटा दोन्ही किल्ले करायचे आणि रात्री जेवायला घरी, असा तुमचा बेत कळला. जा, जरूर जा. पण या बेतात एक खोट आहे, आणि ती डोंगराची नाही. साल्हेर १५६७ मीटर उंच, कळसूबाईखालोखाल राज्यातलं दुसरं शिखर आणि किल्ल्यांत सर्वांत उंच. तरी त्याची वाट मळलेली आहे आणि दोर लावावा असं तिथे काही नाही. अवघड आहे ते आठ मित्रांनी मिळून चालणं. ज्याची टाच सोलवटली तो लाजेखातर बोलत नाही. ज्याला परतायचंय तो दुसऱ्याने आधी म्हणावं म्हणून थांबतो. सगळेच थांबतात आणि माथ्यावर तीन वाजतात. म्हणून जे ठरवायचं ते नाशकातच, चहा पिता पिता ठरवा आणि कागदावर लिहा. डोंगरात मग फक्त घड्याळ बघायचं.

आधी वेळेचा हिशेब. सोग्रस फाटा, भावडबारी, देवळा, सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत पायथ्याच्या वाघांबे गावाला पोचायला चहाचा थांबा धरून साडेतीन-चार तास लागतात. पहाटे चारला निघालात तरी चढायला आठ वाजणार, तेही अर्धवट झोपेत. वाघांब्याहून साल्हेर-सालोट्यामधली खिंड पावणेदोन तास, सालोटा वर-खाली दोन तास, खिंडीतून साल्हेरचा माथा दोन-सव्वादोन तास, उतरायला तीन. जेवण आणि फोटो धरले की सहा वाजलेच, आणि डिसेंबरात सूर्यही सहाच्या सुमाराला मावळतो. कुणाचा पाय मुरगळला तर? या हिशेबात त्याला जागाच नाही.

त्यापेक्षा शनिवारी दुपारी निघा आणि वाघांब्यात मुक्काम करा. गावात कुणाकडे जेवणाची सोय होते. आधी सांगून ठेवा आणि पैसे न मागता द्या. रविवारी साडेसहाला, फटफटताना चढायला लागा. सव्वाआठच्या सुमाराला खिंडीत असाल. मग आधी सालोटा. उंचीने तो कमी, पण घसारा (सुट्या मातीदगडांचा निसरडा उतार), अरुंद पायऱ्या आणि दृष्टीभय, म्हणजे खालची दरी बघून वाटणारी भीती, त्याच्याकडेच जास्त. तिथे ताजे पाय हवेत. साडेदहापर्यंत परत खिंडीत, मग साल्हेर. उतरताना दुसऱ्या अंगाला, पायथ्याच्या साल्हेरवाडीकडे उतरा. गाडीवाल्याला सकाळीच तिकडे जायला सांगून ठेवायचं. गाडी स्वतःचीच असेल आणि मागे राहणारं कुणी नसेल, तर आल्या वाटेनेच वाघांब्याला परत.

कागदावर दोनच वेळा ठळक लिहा. साडेआठपर्यंत शेवटचा माणूस खिंडीत आला नाही, तर सालोटा रद्द. दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून परत, मग परशुरामाचं देऊळ समोर शंभर पावलांवर का दिसत असेना. या वेळा जागेवर बदलायच्या नाहीत. वर गेल्यावर 'अजून दहाच मिनिटं' म्हणणारा एक तरी निघतोच, आणि तो बहुधा सगळ्यांत लाडका मित्र असतो.

चढाईचा अंदाज काढायची एक जुनी रीत आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली ती मांडली: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हे एकट्यादुकट्या तयार माणसाचं गणित. आठ जण, आपलं ऊन आणि पाठीवरची पाठपिशवी धरून येईल त्यात निम्मी भर घाला. गावात फोनवर उंची बघून ठेव आणि १५६७ मधून वजा कर, म्हणजे एकूण चढ कळेल. खिंडीत पुन्हा बघ. तिथवरचा वेग वाईट असेल तर पुढचा आणखी वाईट होणार, कारण पाय दुपारी सकाळपेक्षा जोरात चालत नाहीत.

आता चालण्याचा क्रम. सगळ्यांत दमदार माणूस पुढे ठेवू नका, तो सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे बॅकलीड. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. सगळ्यांत हळू चालणारा दुसऱ्या क्रमांकावर, पुढच्याच्या अगदी पाठीशी. पुढच्याने त्याच्या चालीने चालायचं. चढताना दोन वाक्यं न थांबता बोलता आली पाहिजेत. धापेने वाक्य तुटलं की वेग जास्त आहे. पावलं आखूड टाका. उंच पायरीवर ढांग टाकली की मांडीचा दम तासाभरात संपतो.

विश्रांतीचं एक गणित जवळपास प्रत्येक टोळी चुकवते. पुढचे चौघे पोचतात, बसतात, बिस्किटं खातात. शेवटचा धापा टाकत येतो तोवर यांचं बसून झालेलं असतं, आणि 'चला' म्हणत ते उठतात. ज्याला विश्रांतीची गरज, त्यालाच ती दिवसभर मिळत नाही, आणि दुपारी सगळे म्हणतात, हा फार दमला बुवा. थांब्याची पाच मिनिटं शेवटचा माणूस टेकल्यापासून मोजायची. थांबा पन्नास मिनिटांनी एक, आणि फार लांबवायचा नाही. अंग गार पडलं की पुन्हा सुरू होताना जड जातं.

आज चार आठवडे हातात आहेत, ते पुरतात. आठवड्यातून तीन दिवस पांडवलेण्यांच्या पायऱ्या. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, मग वाढवत आठपर्यंत, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून ५ किलो. उतरतानाही वजन तसंच ठेव. गंमत अशी, की मांड्या दुखतात त्या चढल्यामुळे कमी आणि उतरल्यामुळे जास्त. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात, आणि वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाते. पण एकदा असं उतरलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढा दुखावला जात नाही. जिममध्ये सायकल मारणाऱ्याला हा फायदा मिळत नाही, कारण सायकलवर उतरणं नसतंच. दुसऱ्या रविवारी रामशेज, तिसऱ्या रविवारी आठही जणांनी अंजनेरी, पूर्ण, त्याच बुटांत आणि त्याच पाठपिशवीसह. अंजनेरीला न आलेल्याने साल्हेरला यायचं नाही, हेही कागदावर लिही. कठोर वाटेल, पण कुणाचा गुडघा बोलतो ते नाशिकपासून तासाभरावर कळलेलं बरं. शेवटचा आठवडा फक्त चालणं आणि झोप.

बूट नवे घ्यायचे तर आजच घे आणि रोज घाल. तळव्याच्या खाचा खोल हव्यात. धावायचे गुळगुळीत बूट घसाऱ्यावर पाटासारखे सरकतात. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजा घालून बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. नखं दोन-तीन दिवस आधी काप, नाहीतर उतारावर ती बुटाला आपटून काळी पडतात. उतरायला लागण्याआधी नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळ, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. सुती मोजे नकोत. घामाने ओले झाले की ओलेच राहतात, आणि ओली कातडी घासून फोड येतो. फोड येण्याआधी तिथे चटका बसल्यासारखं होतं. त्याच क्षणी थांबून कागदी चिकटपट्टी लावायची. यासाठी थांबलेल्याला कुणी हसायचं नाही.

पाणी माणशी ४ लिटर, गावातूनच भरून. गडावर टाकी आहेत, गंगासागर तलाव आहे, पण ते पाणी गाळून-शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका, आणि त्याच्या भरवशावर बाटली रिकामी तर मुळीच नेऊ नका. तीन लिटर साधं, एक लिटर ओआरएस. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरमध्येच ढवळायची; अर्ध्या बाटलीत घट्ट केलेलं ओआरएस पोट बिघडवतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. तहान लागेपर्यंत थांबून मग अर्धी बाटली घटाघटा रिचवली की पाणी पोटातच डचमळतं.

खाण्याचं लांबण लावत नाही. भाकरी, उकडलेले बटाटे, गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याची चिक्की. सटाण्याला डाळिंबं मिळाली तर उत्तम. दर तासाला मूठभर खायचं. चिवडा थोडाच न्या, तो पाणी फार मागतो. आणि तुम्ही नाशिककर म्हणून सांगतो: मिसळ परतीला. तर्रीने भरलेलं पोट घेऊन वाघांब्याची चढण चढायची म्हणजे खिंडीपर्यंत छातीत जळजळ.

खिंडीच्या वर साल्हेरच्या बाजूला कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजे, मग आडवी वाट आणि ओळीने कोरलेल्या गुहा लागतात. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. इथे चालताना फोटो काढायचा नाही. थांबायचं, पाय रोवायचे, मग काढायचा. पाठपिशवीच्या बाहेर काही लटकवू नका, कातळाला अडकून तोल जातो. गरगरायला होणाऱ्याला 'खाली बघू नकोस' म्हणून काही उपयोग नाही. पुढच्या तीन पावलांवर नजर ठेवायला सांगा आणि एक जण दरीच्या बाजूने न जाता त्याच्या मागून चाला.

सालोट्याचा घसारा उतरताना माणूस भीतीने मागे रेलतो, आणि तिथेच घसरतो, कारण भार टाचेवर जाऊन बुटाची पकड सुटते. गुडघे जरा वाकवून भार पावलांवर ठेवायचा, अंग तिरकं, पावलं छोटी. काठी असेल तर उतरताना ५-७ सेंटिमीटर लांब करायची. डिसेंबरातलं वाळलं गवतही फसवं असतं, त्याला धरून उतरू नका आणि त्यावर पाऊलही टाकू नका. वळणावळणाच्या वाटेवर वरच्याच्या बरोबर खाली कुणी उभं राहायचं नाही. दगड सुटला तर नाव-गाव न विचारता 'दगड!' म्हणून ओरडायचं.

वाट चुकलीच तर बहुतेक वेळा ढोरवाटेने चुकते. ती वाटेसारखीच दिसते, पण झाडीत विरते. दहा मिनिटांत पायऱ्या, बाण किंवा पायवाटेची माती दिसली नाही, तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे. दरी उतरून 'खाली गाव दिसतंय' म्हणत जायचं नाही. सह्याद्रीत अशी वाट कड्यावर जाऊन संपते.

कड्याला आग्यामोहोळं असतात. अत्तर, डिओ, सिगारेट, शेकोटी, आरडाओरडा, सगळं बंद. माश्या उठल्या तर हात झाडू नका. तोंड-मान कपड्याने झाकून वाट सांभाळत लांब निघा. काटे नखाने ताबडतोब खरवडून काढा. ओठ सुजले, श्वास लागला तर ते साधं चावणं नव्हे, लगेच खाली आणि १०८. आधीपासून ॲलर्जी, दमा, फिट असं काही असेल तर ते आठ जणांपैकी निदान दोघांना ठाऊक हवं, आणि औषध ज्याचं त्याच्या वरच्या कप्प्यात.

प्रत्येकाकडे डोक्याला लावायची विजेरी आणि शिट्टी. फोनचा उजेड मी विजेरीत धरत नाही. संकटाची खूण मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत. सगळ्यांत मिळून दोन क्रेप बँडेज, गॉज, जंतुनाशक, चिकटपट्टी, कात्री, पॅरासिटामॉल. पातळ वारारोधक जाकीट घ्याच, माथ्यावरचा वारा घामेजल्या अंगाला झोंबतो. दोर वापरता येत नसेल तर नेऊ नका. न येणाऱ्याच्या हातातला दोर नुसता धीर देतो, आणि तो खोटा असतो. घरी एकाकडे गाडीचा नंबर, वाटांची नावं आणि 'आठपर्यंत फोन आला नाही तर' काय करायचं ते लिहून ठेवा. डोंगरात रेंज धरून चालू नका.

माथ्यावर वेळेत पोचलात तर एक वाजेपर्यंत बसा. हवा स्वच्छ असेल तर मांगी-तुंगीची जोडी, मुल्हेर-मोरा-हरगड, पलीकडे गुजरातेतल्या डांगची रानं. १६७२ साली याच गडाच्या परिसरात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांच्या फौजांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. ते मैदान वरून बघताना घोडदळाला किती जागा लागत असेल याचा अंदाज येतो. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेरही आहे. भिंतीवर नाव कोरणाऱ्या मित्राचा हात तिथल्या तिथे धर.

परतीचं शेवटचं. दिवसभर चढून-उतरून मग चार तास स्टिअरिंगवर बसणं हे दिवसातलं सगळ्यांत धोक्याचं काम आहे. शक्य असेल तर चालकासह क्रूझर ठरवा. तुमच्यातलाच कुणी चालवणार असेल तर दोघे ठेवा, तासा-दीड तासाने पाळी बदला, आणि पुढे बसलेल्याने झोपायचं नाही. डोळे मिटायला लागले तर खिडकी उघडून गाणी लावण्याने भागत नाही. सटाण्याला थांबून वीस मिनिटं झोपा.

सोमवारी जिना उतरताना मांड्या बोंब मारतील, ते चालायचंच. हलकं चाला. पाणी कमी प्यायलेल्या दिवशी आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरकडे.

अंजनेरी झाली की आठ जणांच्या वेळा लिहून पाठव, त्यावरून साल्हेरचा कागद दुरुस्त करू.

कळावे.