नवा स्मार्ट टीव्ही जुन्या ५.१ होम थिएटरला कसा जोडावा? आवाज पुढच्या दोनच स्पीकरमधून येतो.

आपण लिहिले आहे की एचडीएमआय केबलने टीव्हीचा आवाज सेटमध्ये येतच नाही, ऑप्टिकल केबलने येतो पण पुढच्या दोनच स्पीकरमधून येतो, आणि दुकानदाराच्या मते हा सेट भंगारात देऊन साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची एकच लांब पट्टी, घेणे बरे. यातले शेवटचे वाक्य नसते तर मी उत्तर लिहायला बसले नसते. हेच वाक्य मी माझ्या दिरांच्या तोंडून दीड वर्ष ऐकले आहे.

आपल्या अडचणीचे उत्तर थोडक्यात असे. डीव्हीडीसोबत आलेल्या त्या काळच्या होम थिएटरवरचे एचडीएमआय बहुधा फक्त बाहेर पाठवणारे असते. त्यातून डीव्हीडीचे चित्र टीव्हीकडे जाते, टीव्हीचा आवाज मागे येत नाही. तो आवाज त्याच केबलने उलटा आणणारी एआरसी ही सोय एचडीएमआय १.४ बरोबर २००९ साली आली, त्यामुळे त्याआधीच्या सेटमध्ये ती शोधण्यात अर्थ नाही. ऑप्टिकल केबल बरोबर आहे. चूक टीव्हीच्या मेनूमध्ये आहे. तिथे ‘डिजिटल ऑडिओ आउट’ हे ‘पीसीएम’वर, म्हणजे न दाबलेल्या आवाजावर, असणार. ते ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ यांपैकी जे दिसेल त्यावर आणावे. ऑप्टिकलमधून न दाबलेला आवाज दोनच चॅनेलचा, म्हणजे दोन स्पीकरांपुरताच, जातो. पाच आणि एक असे सहा चॅनेल न्यायचे तर ते डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींनी दाबूनच पाठवावे लागतात, आणि पीसीएम निवडले की टीव्ही सगळ्याचे दोन चॅनेल करून टाकतो.

आमचे घर देवरुखजवळ, कौलारू. सेट २००८ सालचा, यजमानांच्या दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला. नवा टीव्ही आला तेव्हा मामंजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांची तक्रार एकच होती की मालिकेतले संगीत कानठळ्या बसवते आणि माणसे काय बोलतात ते मात्र कळत नाही. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने एचडीएमआय जोडून पाहिली, आवाज आला नाही, तेव्हा त्याने हेडफोनच्या भोकातून एक तार काढून सेटच्या लाल-पांढऱ्या ‘ऑक्स’मध्ये खुपसली आणि ‘झालं काकू’ म्हणून तो निघून गेला. आवाज आला खरा, पण त्याबरोबर एक अखंड घुंऽऽ अशी घरघरही आली. डिशची तार सेट-टॉप बॉक्समधून काढली की घरघर थांबे आणि लावली की पुन्हा सुरू होई, एवढे माझ्या दोन दिवसांत लक्षात आले. अर्थिंगचा हा घोळ धातूच्या तारांमधून फिरतो.

गणपतीला भावजी पुण्याहून आले. त्यांनी घरघर ऐकली, सेट मागूनपुढून पाहिला आणि निकाल दिला, ‘वहिनी, हे भंगार आहे. वर आवाज फेकणारा साउंडबार घ्या, आवाज छतावर आपटून खाली येतो.’ मी म्हटले, सेटच्या मागे ‘ऑप्टिकल इन’ लिहिले आहे, त्याची केबल आणून बघू. त्यावर ते हसून म्हणाले की हे तुमच्या आवाक्यातले नाही. माझा राग घरघरीवर नव्हता, या वाक्यावर होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

केबल मी रत्नागिरीहून आणली, साध्यातली. ती लावताना जे घडले ते मात्र मी भावजींना आजवर सांगितलेले नाही. टोक आत जाईना. जोर लावला तर मोडेल अशी भीती, न लावावा तर बसेना. शेवटी चष्मा लावून उजेडात पाहिले, तर दोन्ही टोकांवर करंगळीच्या नखाएवढी पारदर्शक टोपणे तशीच होती. ती काढली, एक टोक टीव्हीत बसवले आणि दुसरे तळहातावर धरले, तर तळहातावर मसुराएवढा लाल ठिपका पडला. विजेच्या जागी इथे उजेड जातो, धातूचा धागाच नाही, म्हणून घरघर त्याच क्षणी बंद झाली. वळवाच्या विजांत डिशच्या तारेवाटे एखादे यंत्र जळालेच, तर निदान या केबलमधून तो झटका पुढे जात नाही, हा आमच्याकडे वरचा लाभ.

तरीही आवाज दोनच स्पीकरमधून! म्हणजे मी त्या रात्री नेमकी आपल्या जागी उभी होते. मेनूत पीसीएम सापडेपर्यंत साडेअकरा वाजले. ते बदलून ओटीटीवरचा एक चित्रपट लावला, तेव्हा सेटच्या पुढच्या पट्टीवर ‘डॉल्बी डिजिटल’ ही अक्षरे उमटली. ती पट्टी आपणही पाहावी, कारण पाचही स्पीकर वाजू लागले म्हणजे ५.१ आले असे नव्हे. जुने सेट ‘प्रोलॉजिक’ वापरून दोन चॅनेलचे पाच करतात आणि आपण फसतो.

मग सेटमधला टेस्ट टोन लावला. तो एकेका स्पीकरमधून खळखळाट फिरवतो. खळखळाट मागच्या कोपऱ्यात पोचला तेव्हा मामंजी आतून ओरडले, ‘अगं, मोरीतला नळ चालू राहिलाय!’ त्यांना तो ऐकू आला याचा मला आनंद झाला, पण मधल्या स्पीकरची पाळी आली तेव्हा खोलीत शांतता होती. त्याची तार मागच्या खटक्यातून निसटून नुसती लोंबत होती, बहुधा कित्येक वर्षे. चित्रपटातले जवळजवळ सगळे बोलणे याच मधल्या स्पीकरमधून येते. मामंजींच्या तक्रारीचे कारण त्यांच्या कानांत कमी आणि त्या खटक्यात जास्त होते. तार लाल-काळे पाहून बसवली आणि सेटच्या मेनूत मधल्या स्पीकरची पातळी ४ डेसिबलने वाढवली. वाहिन्यांवरच्या मालिका बहुधा स्टिरिओच असतात. तिथे मी प्रोलॉजिक मुद्दाम चालू ठेवते, कारण दोन्ही बाजूंना सारखे असलेले बोलणे ते वेचून मधल्या स्पीकरकडे देते. त्याला नावे ठेवणाऱ्यांनी कमी ऐकू येणाऱ्या माणसाशेजारी बसून एक मालिका पाहावी.

साउंडबारविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्या घरात पाच स्पीकर धडधाकट आहेत त्याने एका पट्टीसाठी ते विकू नयेत. वर आवाज फेकणाऱ्या पट्टीला तर सपाट आणि फार उंच नसलेले छत लागते. आमच्याकडे उतरती कौले, त्यात दोन फुटलेली. तिथे आपटून आवाज खाली कसा येणार होता, हे भावजींनी सांगितलेले नाही.

अर्थात हेही सांगायला हवे की ऑप्टिकलमधून अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा वाटणारी डॉल्बीची नवी पद्धत, येत नाही, ते हवे असेल तर एआरसी किंवा तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी असलेलाच नवा सेट लागेल. लहान खोलीत, जिथे मागे तारा नेणे शक्य नाही, तिथे साउंडबार वाईट नाही. काही नवे टीव्ही डीटीएस पुढे पाठवत नाहीत, त्यामुळे पेनड्राइव्हवरच्या एखाद्या चित्रपटाला आवाजच आला नाही तर सेटला दोष देऊ नये. ऑप्टिकल लावल्यावर आवाज कमीजास्त करायला सेटचाच रिमोट घ्यावा लागतो, आणि आमच्याकडे दोन रिमोटवरून रोज एक लहानसे भांडण होते.

भावजींनी स्वतः मात्र पुण्यात साउंडबार घेतला. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा त्यांच्याकडे ओठ आधी हलत होते आणि शब्द मागून येत होते. पट्टी ब्लूटूथवर जोडलेली होती, त्यात असा विलंब पडतो, आणि तिच्यासोबत आलेली एचडीएमआय केबल कपाटावरच्या खोक्यात गुंडाळी न सोडता पडलेली मी पाहिली. त्यांनी मला विचारलेले नाही, म्हणून मीही काही बोलले नाही.